टेबलटॉप आरपीजीचा धंदा चालला की नाही, हे मोजायचं कसं?

टेबलटॉप आरपीजी म्हणजे टेबलाभोवती बसून, पात्रं वठवत, मिळून गोष्ट रचत खेळायचा खेळ. २०२१ साली मॅगपाय गेम्सने ‘अवतार’ या कार्टून मालिकेवरचा ‘अवतार लेजंड्स’ हा खेळ किकस्टार्टर या लोकांकडून आगाऊ पैसे जमवायच्या साइटवर आणला आणि ८१ हजारांहून जास्त लोकांनी मिळून त्याला सुमारे ९५ लाख डॉलर दिले. टेबलटॉप आरपीजी बनवणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी तेव्हा हाच आकडा होता. परवान्यापोटी त्यातले किती गेले, छपाईला किती लागले, ८१ हजार घरांपर्यंत पार्सलं पोचवायला किती खर्च आला, हे मात्र बाहेरच्या माणसाला कळायला मार्ग नाही. पहिलाच खेळ घेऊन बाजारात उतरणारे बरेच जण असाच एखादा आकडा डोळ्यांसमोर ठेवतात, आणि तिथेच हिशेब चुकायला लागतो.

शेवटचं पार्सल पोचलं, शेवटचं बिल भागलं, की मग काय उरलं ते बघा. आणि पुढचं पुस्तक आलं की आधीचं घेणाऱ्यांतले किती जण परत आले, ते बघा. माझ्या मते या धंद्यात खरं मोजमाप या दोनच गोष्टींचं असतं. ते कसं करायचं, हे एकेक पायरी घेऊन सांगतो.

पायरी पहिली: कशाला यश म्हणायचं ते आधी लिहून ठेवा

छपाईला पैसे देण्याआधी एका कागदावर तीन ओळी लिहा. हा छंद आहे आणि खर्च निघाला तरी पुरे? की नोकरी सांभाळून वर्षाला ठरावीक रक्कम यायला हवी? की यावरच घर चालवायचं आहे? पाचशे प्रती खपल्या तर पहिल्या माणसाचा आनंद गगनात मावणार नाही. तिसऱ्याला तेवढ्याच विक्रीवर दोन महिनेही काढता येणार नाहीत. हा कागद नसेल, तर विक्री सुरू झाल्यावर आपण आहे त्या आकड्याला यश म्हणायला लागतो. रकमेसोबत तारीखही लिहा: अमुक इतके डॉलर, अमुक महिन्यापर्यंत.

पायरी दुसरी: बाहेरचे आकडे वाचायला शिका

या क्षेत्रात खरे आकडे फार थोडे जण उघड करतात. सगळ्यात मोठा खेळ म्हणजे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ (डी अँड डी). त्याची मालकी १९९९पासून हॅस्ब्रोकडे आहे. पण हॅस्ब्रोच्या तिमाही अहवालात ‘मॅजिक’सारखा प्रचंड खपाचा पत्त्यांचा खेळ, डिजिटल खेळांचं उत्पन्न आणि डी अँड डी हे सगळं एकाच विभागात येतं. ‘डी अँड डीच्या पुस्तकांचा धंदा वाढला’ असं त्या अहवालाच्या आधारे कुणी छातीठोकपणे सांगत असेल, तर तो अंदाजच समजा.

आयसीव्ही२ ही व्यापारविषयक संस्था दुकानांत सर्वाधिक खपणाऱ्या आरपीजींची क्रमवारी देत आली आहे. ती दुकानदार, वितरक आणि प्रकाशकांशी बोलून तयार होते. तिच्यात क्रमांक असतो, प्रतींची संख्या नसते. २०११मध्ये ‘पाथफाइंडर’ने तिथे डी अँड डीला मागे टाकलं आणि त्याची खूप चर्चा झाली. पण डी अँड डीचे चाहते तेव्हा ‘डी अँड डी इनसाइडर’ या ऑनलाइन सेवेची मासिक वर्गणी भरत होते आणि ती रक्कम दुकानांच्या क्रमवारीत कुठेच येत नव्हती. ‘पाथफाइंडर’ काढणाऱ्या पायझो कंपनीचं कर्तृत्व त्यामुळे कमी होत नाही. ती यादी दुकानाचा गल्ला मोजते, एवढं ध्यानात ठेवून ती वाचावी.

ड्राइव्हथ्रूआरपीजी या आरपीजी विकणाऱ्या साइटवर पुस्तकांना धातूंचे बिल्ले मिळतात. ५० प्रती ओलांडल्या की तांबं, १०० ओलांडल्या की चांदी, २५०च्या पुढे इलेक्ट्रम, ५००च्या पुढे सोनं, १,०००च्या पुढे प्लॅटिनम, मग मिथ्रल आणि अ‍ॅडमंटाइन. आपल्यासारख्या लहान पुस्तकांशी तुलना करायला हे बिल्ले फार उपयोगी पडतात, कारण त्यांवरून विक्रीचा खरा टप्पा कळतो. पण एक डॉलरच्या सवलतीत विकलेली प्रत आणि पूर्ण किमतीची प्रत त्यात सारखीच धरली जाते. बंडलचं, म्हणजे अनेक खेळ एकत्र एका किमतीत विकण्याचंही तसंच. २०२० साली इच.आयओ या खेळांच्या साइटवर वांशिक न्यायासाठी निधी उभारणारं जे प्रचंड बंडल निघालं, त्यात खेळ आणि इतर गोष्टी मिळून सतराशेहून जास्त नगं होते आणि ८० लाखांहून जास्त डॉलर जमले. काम मोलाचं झालं. मात्र त्यातून हजारो लोकांच्या खात्यात गेलेल्या एखाद्या छोट्या आरपीजीला हजारो ग्राहक मिळाले, असं कुणी मानू नये. बंडल, फुकट आणि ‘वाटेल ती किंमत द्या’ या प्रतींसाठी वेगळा रकाना ठेवा.

उघडपणे लिहिलेले आकडे वाचायचे असतील तर दोन नावं सांगतो. एव्हिल हॅट या प्रकाशनाने अनेक वर्षं आपल्या तिमाही विक्रीचे आकडे जाहीर केले. स्टीव्ह जॅक्सन गेम्स आपल्या कारभाराचा वार्षिक अहवाल लोकांसमोर ठेवत आली आहे. ‘गर्प्स’सारखी नावाजलेली आरपीजी ज्या घरात आहे, त्या घराचा मोठा भार ‘मंचकिन’ हा पत्त्यांचा खेळ कसा उचलतो, हे त्या अहवालांतून स्पष्ट दिसतं. आरपीजीवर जीव असलेल्या माणसाला ते वाचून थोडं वाईट वाटेल, पण वाचावंच.

पायरी तिसरी: एका प्रतीमागे हातात काय पडतं

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, म्हणून सावकाश जाऊ. खालचे आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत. त्यांच्या जागी तुमचे घाला.

समजा, छापील नियमपुस्तकाची किंमत ४० डॉलर आहे आणि पीडीएफची २०. चित्रांना ४,००० डॉलर, संपादनाला १,५००, मांडणीला १,००० आणि लेखनाला ३,५००. असा एकदाच होणारा खर्च १०,००० डॉलर. लेखक तुम्ही स्वतः असलात तरी ते ३,५०० धरायचेच. स्वतःची मेहनत फुकट धरली की कुठलंही पुस्तक फायद्यात दिसतं. आता १,००० प्रती छापल्या. छपाई प्रतीमागे ६ डॉलर आणि गोदामापर्यंत आणायला १ डॉलर, म्हणजे प्रत पडली ७ डॉलरला.

स्वतःच्या साइटवरून किंवा मेळाव्यात थेट विकली, टपालखर्च ग्राहकाने दिला, आणि कार्डाचं शुल्क व पॅकिंग मिळून ३ डॉलर गेले, तर हातात ३७ येतात. छपाईचे ७ वजा केले की उरले ३०.

वितरकामार्फत विकली तर चित्र पार बदलतं. अमेरिकेत वितरक साधारण छापील किमतीच्या ४० टक्क्यांना माल उचलतो आणि दुकानदाराला निम्म्या किमतीच्या आसपास देतो. म्हणजे तुम्हाला १६ डॉलर. त्याच्या गोदामात माल पाठवायचा १ डॉलर गेला, छपाईचे ७ गेले, उरले ८.

पीडीएफ ड्राइव्हथ्रूवर विकली तर प्रकाशकाला ६५ टक्के मिळतात. फक्त तिथेच विकायचं कबूल केलं तर ७०. ६५ धरले तर २० डॉलरमागे १३. डीएम्स गिल्डवर डी अँड डीच्या जगातलं काही विकायचं असेल तर निर्मात्याच्या वाट्याला निम्मेच येतात, कारण तिथे तुम्ही दुसऱ्याचं जग वापरता.

आता १०,०००चा खर्च भरून काढायला किती प्रती लागतील? थेट विक्रीत ३३४. पीडीएफच्या ७७०. आणि वितरकामार्फत १,२५०. पण छापल्या आहेत फक्त १,०००! म्हणजे सगळीच्या सगळी आवृत्ती वितरकाने उचलली, दुकानांत संपली, लोकांनी कौतुक केलं, तरी तुम्ही २,००० डॉलरने बुडालात. ‘आवृत्ती संपली’ ही बातमी ऐकून पेढे वाटण्याआधी ती कुठल्या दारातून संपली ते विचारा.

प्रत्यक्षात विक्री मिश्र असते. वर्षभरात ३०० प्रती थेट, ४०० वितरकाकडून, २५० पीडीएफ आणि ३०० प्रती गोदामात शिल्लक, असं धरू. ग्राहकांनी छापील किमतीने मोजले ३३,००० डॉलर. तुमच्या हातात आले २०,३५०. खर्च झाला १७,०००. उरले ३,३५०. फुशारकी मारायला ३३,००० हा आकडा छान आहे, पण निर्णय घ्यायचे ते ३,३५०वरून.

हा तक्ता महिन्याला एकदा भरा. रकाने सात पुरतात: महिना, विक्रीचा मार्ग, प्रती, हातात आलेली रक्कम, त्या प्रतींचा छपाईखर्च, त्या मार्गाचा जादा खर्च, शिल्लक. मेळाव्याची ओळ भरताना स्टॉलचं भाडं, प्रवास, हॉटेल आणि खोकी नेण्याआणण्याचा खर्च त्याच ओळीत टाका. इंडियानापोलिसच्या जेन कॉनसारख्या ठिकाणी दिवसभर स्टॉलसमोर गर्दी असते आणि तरीही ही ओळ तोट्यात निघू शकते. ओळखी वाढल्या, नाव झालं, हे मोलाचं आहेच. त्याची नोंद वेगळी करा, या रकान्यात नको.

पायरी चौथी: क्राउडफंडिंगचे पैसे देण्याच्या बाजूला लिहा

किकस्टार्टर जमलेल्या रकमेतून ५ टक्के घेतं आणि पैसे वळते करण्याचं शुल्क आणखी सुमारे ३ टक्के असतं. हे सगळ्यांना ठाऊक असतं. बुडवतो तो टपालखर्च.

‘कॉल ऑफ कथुलू’ ही आरपीजी १९८१पासून बाजारात आहे आणि त्याची प्रकाशक केऑसियम ही या क्षेत्रातली जुनीजाणती कंपनी. २०१३मध्ये तिने सातव्या आवृत्तीसाठी किकस्टार्टरवर साडेपाच लाखांहून जास्त डॉलर जमवले. त्याआधी ‘हॉरर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस’च्या नव्या आवृत्तीची मोहीमही गाजली होती. दोन्हीकडे भेटवस्तूंची आश्वासनं वाढत गेली, जाडजूड खोकी परदेशात पाठवण्याचा खर्च कमी धरला गेला आणि कामं लांबली. २०१५पर्यंत कंपनी इतकी अडचणीत आली की संस्थापक ग्रेग स्टॅफर्ड आणि खेळाचे मूळ लेखक सँडी पीटरसन यांना परत येऊन कारभार हाती घ्यावा लागला, आणि पुढे मून डिझाइन या प्रकाशनाच्या मंडळींनी तो सांभाळला. खेळ लोकप्रिय होता, पैसे जमले होते, आणि तरीही कंपनी मरता मरता वाचली.

म्हणून मोहिमेचे पैसे आले की ते उत्पन्नात धरू नका. ती लोकांची आगाऊ रक्कम आहे आणि माल पोचेपर्यंत तुम्ही त्यांचे देणेकरी आहात. प्रत्येक देशासाठी वेगळी ओळ करा: किती पाठीराखे, पार्सलाचं वजन, आजचा टपालदर, आणि वर्षभराने दर वाढला तर काय होईल. आपल्या उदाहरणात प्रतीमागे १० डॉलर टपालखर्च कमी धरला गेला, तर थेट विक्रीतला ३०चा नफा २०वर येतो. पुस्तकासोबत फासे, पडदा, नकाशे आणि बॉक्स असेल तर आयात शुल्कही बघावं लागतं. एप्रिल २०२५मध्ये अमेरिकेने चिनी मालावरचं शुल्क १४५ टक्क्यांपर्यंत नेलं, तेव्हा चीनमध्ये खोकी तयार करून बसलेल्या अनेक छोट्या प्रकाशकांची झोप उडाली.

मोहीम संपल्यावर आणखी एक गोष्ट मोजा: पुढच्या बारा महिन्यांत मोहिमेबाहेर किती प्रती गेल्या. मोहिमेत १,२०० आणि नंतर वर्षभरात ६० असतील, तर ज्यांना हवं होतं त्या सगळ्यांकडे पुस्तक आधीच पोचलं आहे. अशा वेळी दुकानांसाठी जादा छापलेल्या प्रती पडून राहणार.

पायरी पाचवी: पाठवलेला माल म्हणजे विकलेला माल नाही

डी अँड डी ज्या कंपनीने १९७४ साली विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा इथून काढलं, ती टीएसआर कशी बुडाली हे प्रत्येक प्रकाशकाने वाचावं. पुस्तकांच्या दुकानांसाठी टीएसआरचा रँडम हाउसशी करार होता. माल पाठवला की पैसे मिळत, आणि न खपलेला माल परत आला की ते फेडावे लागत. १९९६ साली टीएसआरची विक्री ४ कोटी डॉलरच्या घरात होती. त्याच वर्षी रँडम हाउसकडून कादंबऱ्या आणि ‘ड्रॅगन डाइस’ या फाशांच्या खेळाचे गठ्ठेच्या गठ्ठे परत आले. रोकड संपली, छपाईची आणि वाहतुकीची बिलं थकली. छपाई सांभाळणाऱ्या कंपनीने काम थांबवलं. मूळ पुस्तकांच्या प्लेटा तिच्याकडेच होत्या, त्यामुळे जे हमखास खपत होतं तेही छापता येईना. १९९७मध्ये ‘मॅजिक’ काढणाऱ्या विझार्ड्स ऑफ द कोस्टने टीएसआर विकत घेतली, आणि १९९९मध्ये विझार्ड्सला हॅस्ब्रोने. नंतर तिचे हिशेब तपासणाऱ्या लिसा स्टीव्हन्स यांनी सांगितलं आहे की काही उत्पादनं तर बनवायच्या खर्चापेक्षाही कमी पैशांत विकली जात होती. म्हणजे जितका खप जास्त, तितका तोटा मोठा.

विक्रीचे तीन आकडे वेगळे ठेवा: किती पाठवलं, दुकानातून ग्राहकाच्या हातात किती गेलं, आणि पैसे बँकेत किती आले. वितरकाला दर तिमाहीला दुसरा आकडा विचारा. सांगत नसेल तर त्याने पुन्हा किती मागवलं ते बघा, कारण दुसरी ऑर्डर हाच खपाचा भरवशाचा पुरावा. परत येणाऱ्या मालासाठी थोडी रक्कम बाजूला काढा.

माल कुणाच्या मालकीचा आहे, हेही करारात वाचा. जानेवारी २०२५मध्ये डायमंड कॉमिक डिस्ट्रिब्युटर्सने दिवाळखोरी जाहीर केली. आरपीजीचा मोठा वितरक अलायन्स हा त्यांचाच भाग होता. पुढे डायमंडच्या गोदामात विक्रीसाठी ठेवलेला प्रकाशकांचा माल विकून कर्ज फेडायची परवानगी न्यायालयाकडे मागितली गेली, आणि प्रकाशकांना त्याविरुद्ध उभं राहावं लागलं. तुमच्या तक्त्यात ‘गोदामात ४०० प्रती’ असं लिहिलेलं असलं, तरी त्या परत मिळतील की नाही हे करारावर ठरतं.

पायरी सहावी: मूळ पुस्तकामागे पुरवण्या किती खपतात

मूळ नियमपुस्तकाच्या दर १०० प्रतींमागे पहिल्या साहसकथेच्या किती गेल्या? दुसरीच्या किती? प्रत्येक पुरवणीला हा आकडा उतरत जातो, ते स्वाभाविक आहे. तो कुठल्या वेगाने उतरतो ते बघा. पहिली ४०, दुसरी ३०, तिसरी २६ असं असेल तर पाया टिकाऊ आहे. ४०, १५, ५ असेल तर चौथी पुरवणी लिहायला घेऊ नका, नवे खेळाडू मूळ पुस्तकाकडे कसे येतील ते बघा.

टीएसआरने ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून नव्वदच्या दशकापर्यंत फॉरगॉटन रेल्म्स, डार्क सन, रेव्हनलॉफ्ट, प्लेनस्केप अशी एकामागून एक जगं काढली. ती सुंदर होती, मलाही त्यांतली काही फार आवडतात. पण प्रत्येक जगाचा चाहता आपापल्या जगापुरतंच विकत घेऊ लागला आणि एकाच ग्राहकवर्गाचे तुकडे झाले. याउलट पायझोने २००७पासून साहसमालिकेचा दरमहा एक भाग वर्गणीदारांना पाठवायला सुरुवात केली. वर्गणीचा मोठा फायदा म्हणजे पुढच्या महिन्यात किमान किती प्रती जाणार, हे छपाईआधीच कळतं. तुम्हाला वर्गणी चालवता येत असेल, तर दरमहा किती जण सोडून जातात एवढा एक आकडा नियमाने लिहा.

पायरी सातवी: टेबलं मोजा

आरपीजीचं पुस्तक एक जण घेतो आणि पाच-सहा जण खेळतात. घेणारा बहुधा जीएम (गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) असतो. कित्येक प्रती वाचून कपाटात जातात, प्रत्यक्ष खेळ होतच नाही. पहिली आवृत्ती कपाटांच्या जिवावर संपू शकते, दुसरीला मात्र टेबलं, म्हणजे प्रत्यक्ष खेळणारे गट, लागतात.

रोल२० हे ऑनलाइन टेबल काही वर्षं आपल्याकडे कुठले खेळ किती चालतात याची टक्केवारी प्रसिद्ध करत होतं. डी अँड डीचा दबदबा तिथे दिसायचाच, पण कॉल ऑफ कथुलूची ताकदही दिसायची. जपानमध्ये तर खेळाच्या ध्वनिचित्रफिती बघून तरुण मंडळी कथुलूकडे वळली आणि तिथे तो डी अँड डीपेक्षा मोठा झाला. फक्त अमेरिकी दुकानांची यादी बघणाऱ्याला हे कधी कळलंच नसतं.

तुमच्या छोट्या खेळासाठी सोप्या खुणा आहेत. पात्रपत्रक, म्हणजे खेळाडूने आपल्या पात्राची माहिती लिहायचं पान, साइटवर फुकट ठेवा आणि पुस्तक निघून सहा महिने झाल्यावर महिन्याला किती डाउनलोड होतात ते बघा. नवं पुस्तक नसतानाही लोक पत्रक उतरवत असतील तर कुठेतरी खेळ चालू आहे. नियमांबद्दल शंका विचारणारे संदेश मोजा. तुमची ओळखदेख नसलेला एखादा जीएम कुठल्याशा मेळाव्यात तुमचा खेळ चालवतो, तेव्हा त्याची ठळक नोंद करा. माझ्या लेखी शंभर स्तुतिपर अभिप्रायांपेक्षा असा एक जीएम मोठा आहे, कारण तो एका दुपारी पाच नवे खेळाडू तयार करतो.

लाट आणि नेहमीची विक्री यांत गल्लत करू नका. जानेवारी २०२३मध्ये विझार्ड्सने डी अँड डीच्या नियमांवर इतरांना पुस्तकं काढू देणारा खुला परवाना बदलायचा घाट घातला तेव्हा चाहते खवळले, आणि पायझोने सांगितलं की पाथफाइंडर नियमपुस्तकाचा आठ महिन्यांचा साठा दोन आठवड्यांत संपला. अशा महिन्याची सरासरी काढून पुढचं वर्ष आखणं धोक्याचं. लाटेनंतर चौथ्या-पाचव्या महिन्याचा आकडा लाटेआधीच्या आकड्याशी ताडून बघा. मधला फरक ही खरी कमाई.

पायरी आठवी: रुपयांचा रकाना

पुणे, मुंबई किंवा पणजीत बसून डॉलरमध्ये विकत असाल, तर रक्कम बँकेत रुपयांत जमा होते त्या दिवशीचा आकडा लिहा. बाजारभाव आणि पेपालने दिलेला दर यांत फरक असतो आणि तो तुमच्याच खिशातून जातो. एप्रिल २०२१पासून पेपालने भारतातल्या भारतात पैसे घेण्याची सेवा बंद केली आहे, त्यामुळे इथल्या ग्राहकांसाठी यूपीआयची वेगळी सोय आणि वेगळी ओळ लागते. भारतातली विक्री परदेशातल्या विक्रीत मिसळू नका. ४० डॉलर म्हणजे साडेतीन हजार रुपयांच्या आसपास. इथल्या कॉलेजच्या गटाला ही किंमत परवडत नाही, म्हणून इथली किंमत, छपाई आणि अपेक्षा वेगळ्याच धराव्या लागतात. स्वस्त पीडीएफ आणि मागणीपुरती स्थानिक छपाई यांवर इथला हिशेब अनेकदा अधिक सोपा बसतो.

पायरी नववी: दुसरी आवृत्ती काढायची की नाही

तक्ता तीनदा नीट वाचा: नव्वद दिवसांनी, वर्षाने आणि तीन वर्षांनी. पहिल्या नव्वद दिवसांत उत्साहाची विक्री दिसते. वर्षाने तोंडोतोंडी होणारी विक्री दिसते. मूळ नियमपुस्तक तिसऱ्या वर्षीही दरमहा जात असेल तर त्यावर पुरवण्या काढायला हरकत नाही.

पुनर्मुद्रणाचा हिशेब असा. मागच्या तीन महिन्यांची सरासरी दरमहा ४० प्रती आहे आणि छपाई ते गोदाम या प्रवासाला पाच महिने लागतात, तर शिल्लक २००वर आली की निर्णय घ्यायला हवा. नव्या ५०० प्रती याच वेगाने गेल्या तरी त्यांना वर्षाहून जास्त काळ लागेल, आणि तोवर त्यांच्या छपाईचे ३,००० ते ३,५०० डॉलर अडकून राहतील. त्या ४०पैकी बहुतेक प्रती थेट जात असतील तर छापा. बहुतेक वितरकाकडे जात असतील, तर प्रतीमागे ८ डॉलरसाठी इतके पैसे गुंतवण्याआधी पीडीएफ आणि प्रिंट-ऑन-डिमांडवर (मागणीपुरत्या छपाईवर) सहा महिने काढा. तिथे प्रत महाग पडते, पण गोदामाचं भाडं नाही आणि परत येणारा मालही नाही. त्या सहा महिन्यांत थेट मागणी वाढली तर छापखान्याकडून पुन्हा दर मागवा.